पुसण्याची सत्ता कोणाच्या हाती?

संगणकावर वा मोबाइलवर लिहिलेला मजकूर बोटाच्या एका दाबाने पुसता येतो, आणि पुसला की तो संपला, असा समज आज सार्वत्रिक आहे. नेमका उलट समजही तितक्याच आग्रहाने पसरविला जातो: एकदा लिहिलेले कधीच नष्ट होत नाही, म्हणून शहाण्याने गप्प राहावे. पहिला समज माणसाला बेसावध करतो, दुसरा त्याला मुका करतो. दोन्ही समज एकाच वस्तुस्थितीवर पांघरूण घालतात. मजकूर राहणार की जाणार हे यंत्र ठरवीत नाही, यंत्राचा मालक ठरवितो.

प्रथम तांत्रिक बाजू पाहू. संगणकाच्या चुंबकीय तबकडीवरील फाइल पुसली जाते तेव्हा बहुधा सूचीतील तिची नोंद तेवढी काढली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तसाच पडून राहतो. ग्रंथालयाच्या सूचीतून कार्ड काढले तरी पुस्तक कपाटात असावे, तसाच हा प्रकार. मोठ्या कंपन्या तर एकाच मजकुराच्या अनेक प्रती निरनिराळ्या केंद्रांत ठेवतात. त्यांचे राखीव साठे वेगळेच. लिहिणाऱ्याच्या पडद्यावरून ओळ नाहीशी झाली याचा अर्थ एवढाच की, ती आता त्याला दिसत नाही.

इतरांना मात्र ती दिसू शकते, आणि याला केवळ यंत्राची रचना कारणीभूत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०२१ च्या नियमांनुसार शासनाच्या वा न्यायालयाच्या आदेशावरून, अथवा तक्रारीवरून काढलेला मजकूर कंपनीने तपासासाठी १८० दिवस जपून ठेवावयाचा असतो. अधिकृत यंत्रणांनी मागणी केल्यास त्याहूनही अधिक काळ. २०११ च्या नियमांत ही मुदत ९० दिवसांची होती. खाते बंद करणाऱ्याने नोंदणीच्या वेळी दिलेली माहितीही आता १८० दिवस राखली जाते. म्हणजे जे जनतेच्या नजरेआड झाले, ते तपासयंत्रणेच्या हाताशी राहते.

१९७५ च्या जूनमध्ये वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप लादली गेली, तेव्हा ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. त्या कोऱ्या जागेनेच दडपशाहीची साक्ष दिली. आज कलम ६९-अ खाली मजकूर रोखण्याची कार्यवाही २००९ च्या नियमांनी गोपनीय ठरविली आहे. काय पुसले आणि का पुसले, हेही लोकांना कळू नये अशी ही तजवीज आहे.

यावर काही उदारमतवादी मंडळी म्हणतील की, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. मग तक्रार कसली? तक्रार त्या कायद्याच्या मजकुरातच आहे. कलम १२ नागरिकाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क देते. कलम १७ चे चौथे उपकलम मात्र शासन व त्याच्या यंत्रणांना माहिती पुसण्याच्या बंधनातून मोकळे करते. ज्याच्यापासून संरक्षण सर्वाधिक हवे, त्यालाच सूट!

आता नाण्याची दुसरी बाजू. जे जपावे असे लोकांना वाटते, ते तरी टिकते काय? १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘जिओसिटीज’वर असंख्य सामान्य माणसांनी हौसेने आपापली पाने रचली होती. मालक असलेल्या ‘याहू’ने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ती अमेरिकेत बंद केली. त्यातले जे वाचले त्यातील बराच भाग स्वयंसेवकांनी धावपळ करून प्रती काढल्या म्हणूनच वाचला. २०१९ मध्ये ‘मायस्पेस’ने कबूल केले की, सर्व्हर बदलताना लोकांनी पूर्वी तेथे ठेवलेली गाणी व छायाचित्रे हरवली असावीत. म्हणजे ‘काहीच नष्ट होत नाही’ हेही खोटेच. ज्याचा मालकाला उपयोग उरला नाही, ते कष्टाने निर्माण केलेले असले तरी जाते.

तेव्हा प्रश्न स्मृतीचा नसून मालकीचा आहे. म्हणूनच लोकशाहीवादी शक्तींनी स्पष्ट मागण्या केल्या पाहिजेत. नागरिकाने पुसलेली माहिती ठरावीक मुदतीत सर्व प्रतींतून नष्ट झाली पाहिजे आणि त्याची स्वतंत्र तपासणी झाली पाहिजे. शासनाला दिलेली सूट रद्द झाली पाहिजे. मजकूर रोखण्याचे आदेश कारणांसह प्रसिद्ध झाले पाहिजेत.

हे होईपर्यंत कार्यकर्त्यांनी आपल्यापुरते दोन नियम पाळावेत. ज्या माहितीमुळे एखाद्या कामगाराची नोकरी धोक्यात येईल, ती पुढे पुसून टाकू या भरवशावर लिहूच नये. आणि ठराव, पत्रके, सभांची इतिवृत्ते परक्या सर्व्हरच्या हवाली करून निर्धास्त न होता त्यांच्या छापील प्रती युनियनच्या कचेरीत ठेवाव्यात. भीतीने लिहिणे थांबविण्याचे मात्र कारण नाही. माणसे आपण होऊन गप्प बसली, तर शासक वर्गाला पुसण्याचेही कष्ट घ्यावे लागणार नाहीत.