‘डायरेक्ट करून टाकू’ या मागणीला नकार

घरी जाऊन शिकवणाऱ्या शिक्षकासमोर ही मागणी बहुधा पहिल्या घटक चाचणीनंतर येते. मुलीचे बीजगणितातले मार्क वाढलेले असतात, घरच्यांचा विश्वास बसलेला असतो, आणि चहाचा कप पुढे करत वडील म्हणतात, “सर, एजन्सी मध्ये कशाला? पुढच्या महिन्यापासून आपण डायरेक्ट करून टाकू.” हिशोबही तयार असतो. समजा, घरातून महिन्याला ६,००० रुपये जातात, एजन्सी त्यातले पाव म्हणजे १,५०० ठेवते आणि सरांच्या हातात ४,५०० येतात. वडील ५,२०० देऊ करतात. सरांना ७०० जास्त मिळाले, घराचे ८०० वाचले.

माझं म्हणणं असं की, एजन्सीशी केलेला करार चालू असेपर्यंत या मागणीला नाही म्हणावं, पहिल्याच वेळी म्हणावं, आणि स्वतःच्या जबाबदारीवर म्हणावं. कमिशन जास्त वाटत असेल तर त्याचं भांडण एजन्सीच्या ऑफिसात जाऊन करावं. पालकांच्या हॉलमध्ये बसून त्याचा परस्पर निकाल लावू नये. माझे अनेक सहव्यवसायी याच्या नेमकं उलट मत बाळगून आहेत. त्यांचे आक्षेप पोकळ नाहीत, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

पहिला आक्षेप: एजन्सी करते तरी काय? एक फोन केला, पत्ता पाठवला, झालं. पुढे पावसात गाडी काढून वाकड-हिंजवडीला जातो मी, वर्गमूळ आणि वर्गसमीकरणं शिकवतो मी, मग दर महिन्याचा पाव हिस्सा तिला कशाचा? संताप समजण्यासारखा आहे. पण जी एजन्सी पहिल्या महिन्याची निम्मी किंवा पूर्ण फी एकदाच घेऊन बाजूला होते, तिच्या बाबतीत हा प्रश्न पुढे उरतच नाही. तो उभा राहतो तो दरमहा कमिशन घेणाऱ्या एजन्सीपाशी. तिथे एका घराचा हिशोब न करता वर्षाचा करून बघा. शिकवण्या लागतात जूनमध्ये, मग पहिल्या चाचणीनंतर, आणि पुन्हा सहामाहीच्या निकालानंतर. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आटोपली की त्या घराला तुमची गरज राहत नाही. ऑगस्ट ते मार्च असे आठ महिने ७०० रुपये जास्त मिळाले, म्हणजे ५,६०० रुपये झाले. एप्रिलमध्ये पुढचं घर कोण देणार? ज्या एजन्सीला ऑगस्टमध्ये ‘शिकवणी बंद झाली’ असं कळवलं, तिच्याकडेच पुन्हा जायचं आहे.

आणि एजन्सीजवळ असलेली एक गोष्ट पैशात मोजता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. त्यामुळे घरोघर जाणाऱ्यांत भरणा असतो तो एम.एस्सी. किंवा बी.एड. करणाऱ्या मुला-मुलींचा, नोकरी सोडलेल्या गृहिणींचा आणि निवृत्तांचा. पंचविशीतली मुलगी संध्याकाळी सात वाजता अनोळखी सोसायटीत अकराव्या मजल्यावर जाते, तेव्हा ती कुठे आहे, कोणाच्या घरी आहे, किती वाजता बाहेर पडणार आहे, हे निदान एका नोंदवहीत लिहिलेलं असतं. त्या घरालाही माहीत असतं की हे लिहिलेलं आहे. उलट बाजूनेही तेच: येणाऱ्या शिक्षकाचं आधार कार्ड आणि पत्ता कोणीतरी तपासून घेतलेला असतो. एजन्सी वगळली की ती नोंद गेली. आता त्या घरी शिकवणी चालू आहे हे जाणणारी तिसरी व्यक्तीच राहिली नाही. कमिशनविरुद्ध बोलणाऱ्या माझ्या मित्रांनी या गोष्टीला कधी उत्तर दिलेलं मला आठवत नाही. एजन्सी ही नोंद ठेवत नसेल तर तिने ठेवायला हवी, आणि आपण ती मागायला हवी.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो मोठ्या खात्रीने सांगितला जातो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७: कोणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. म्हणून एजन्सीने आपल्याकडून लिहून घेतलेली अट म्हणजे नुसता कागद. हे अर्धंच खरं आहे. निरंजन शंकर गोलिकरी कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये पाच वर्षांच्या करारावर लागले होते. मुदत संपायच्या आधीच ते राजस्थानातल्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो सेंच्युरीच्या बाजूने. मुदत चालू असताना तेच काम दुसऱ्यासाठी न करण्याची वाजवी अट कलम २७ मुळे रद्द होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. दुसरं टोक श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचं. त्याचा एका कंपनीशी तीन वर्षांचा करार होता, आणि तो संपल्यावरही दुसऱ्याशी व्यवहार करण्याआधी पहिली संधी आम्हालाच द्यावी लागेल, असं कंपनीचं म्हणणं होतं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. शिकवणी आणि क्रिकेट यांत फरक आहे, हे मान्य. तरी रेघ कुठे ओढायची ते या दोन निकालांवरून कळतं: मुदत चालू असेपर्यंत शब्द पाळायचा, मुदत संपल्यावर आपण मोकळे. म्हणून ‘या घरी पुन्हा कधीच शिकवणार नाही’ अशी आजन्म अट दाखवून कोणी दम भरला तर घाबरू नये, आणि चालू कराराला नुसता कागदही समजू नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. काही घरं खरोखर अडचणीत असतात. वडिलांची नोकरी गेली, आजी आयसीयूमध्ये आहे, आणि दहावीचं वर्ष अर्ध्यावर आलंय. तिथे कराराचं बोट दाखवणं क्रूर वाटतं. पण अशा घराला खरी मदत करायची असेल तर ती उघडपणे करता येते. एजन्सीला मी स्वतः फोन करून सांगतो की या घराची फी कमी करा, माझ्या हिश्श्यातले इतके सोडायला मी तयार आहे, तुम्ही तुमच्यातले किती सोडता? बहुतेक जण काहीतरी सोडतात. कारण शिकवणी बंद पडण्यापेक्षा कमी फीने चालू राहिलेली त्यांनाही परवडते. आणि जे घर उघडपणे सवलत मागायला तयार होत नाही, फक्त गुपचूप व्यवहारच मागतं, तिथे अडचण पैशांची आहे हे मला पटत नाही.

आता ज्या कारणासाठी मी हे सगळं लिहितोय तिथे येतो. एजन्सीला वगळण्याचा बेत कधीच दोघांपुरता राहत नाही. महिन्याच्या शेवटी एजन्सीचा फोन येतो: शिकवणी का थांबवली? तेव्हा पालकांना खोटं बोलावं लागतं आणि शिक्षकालाही बोलावं लागतं. दोघांचं खोटं जुळायलाही हवं. आणि फोन कधी कधी मुलीच उचलतात. मग त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला सांगावं लागतं, “एजन्सीवाल्यांनी विचारलं तर सर येत नाहीत म्हणून सांग.” समोरच्या टेबलावर तिची वही उघडी आहे. त्या वहीत मी परवाच लाल पेनाने लिहिलंय, की उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या दाखव, मागच्या पानावरून उत्तर उतरवू नकोस. ही सूचना देणारा माणूस तिच्याकडून खोटं बोलून घेणार असेल, तर तिने त्याचं पुन्हा ऐकावं कशासाठी? मुलं हे सगळं बघतात. त्यांना वर्गसमीकरणाचं सूत्र आठवत नाही, पण मोठ्यांनी कोणत्या आवाजात काय ठरवलं ते अचूक आठवतं.

आणि व्यवहार गुपचूप झाला की शिक्षकाची बाजू लंगडी होते. दिवाळीच्या सुट्टीचे आठ दिवस कापले, शेवटचा महिना बुडवला, तर तक्रार करायला जागा नाही. पालकांनाही नाही. उद्या मीच आठवड्यातून तीनऐवजी दोन दिवस येऊ लागलो, तर ते कोणाकडे जाणार?

तर नाही म्हणायचं कसं? बहुतेकांची चूक इथेच होते. ‘बघू’, ‘विचार करून सांगतो’, ‘सध्या नको’ ही उत्तरं भिडस्तपणापोटी दिली जातात आणि समोरचा त्यांचा अर्थ होकार असाच घेतो. मग दर महिन्याला तोच विषय निघतो, रक्कम थोडी वाढते आणि अवघडलेपणही वाढतं. ‘एजन्सी परवानगी देत नाही’ हेही सांगू नये. त्यात नियम दुसऱ्याचा राहतो आणि आपण फक्त अडकलेले दिसतो. साधं वाक्य पुरतं: “तुम्ही माझं काम आवडल्याचं सांगितलंत, बरं वाटलं. पण मी एजन्सीला शब्द दिलाय, त्यामुळे हे मी करणार नाही. फीचा प्रश्न असेल तर आजच त्यांच्याशी बोलतो, तुमच्यासमोर.” एवढं बोलून थांबावं. लांबलचक कारणं दिली की प्रत्येक कारणावर घासाघीस सुरू होते. शक्यतो रक्कम उच्चारली जाण्याआधी हे सांगून टाकावं, कारण आकडा ऐकल्यानंतरचा नकार पालकांना भाव वाढवण्यासारखा वाटतो. मुलगी खोलीत असेल तर आधी तिला पाणी आणायला पाठवावं. नकार तिने ऐकला तर बिघडत काही नाही, पण वडिलांना मुलीसमोर ओशाळं वाटू नये. विचारण्यात त्यांनी काही मोठं पाप केलेलं नसतं. चांगला माणूस स्वस्तात मिळावा असं कोणालाही वाटतं. पहिल्यांदा विचारलं म्हणून मी एजन्सीला चुगली करत नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर मात्र कळवतो, आणि कळवणार आहे हे त्यांना आधी सांगतो.

पालक दुखावतील आणि शिकवणीच बंद करतील, ही भीती मी नाकारत नाही. कधीकधी तसं होतंही. पण शांतपणे दिलेल्या नकारानंतर बहुतेक घरांत पुढच्या सोमवारी त्याच वेळेला दार उघडलं जातं. ज्याने एजन्सीला फसवायला नकार दिला तो आपल्यालाही फसवणार नाही, हे त्यांना कळलेलं असतं.

एजन्सीला मात्र मोकळं सोडू नये. पालक किती देतात हे शिक्षकापासून लपवणं, वर्षानुवर्षं तेवढंच कमिशन घेत राहणं, आजन्म बंदीच्या अटी घालणं, हे सगळं बंद व्हायला हवं. कमिशन किती महिने घेणार ते करारात तारखेसह लिहिलेलं असावं, आणि पहिल्या वर्षानंतर ते कमी व्हावं. एकट्याने मागितलं तर ‘बघू’ म्हणून वाटेला लावतात. म्हणून एकाच एजन्सीच्या दहा-बारा शिक्षकांनी मे महिन्यात, नव्या शिकवण्या लागण्याआधी, मिळून तिच्या ऑफिसात जावं. जूनमध्ये पालकांचे फोन सुरू झाले की तिला पाठवायला माणसं लागतात, आणि ती माणसं आपण आहोत.