प्रयोग त्यांचे आणि वेदना आमच्या?



पुण्यात 'अंडरग्राउंड' हा शब्द सध्या फार स्वस्त झाला आहे. कॅफेत अंधार करायचा, तीस-चाळीस माणसं जमवायची, गिटार मुद्दाम कर्कश वाजवायची, झालं अंडरग्राउंड! त्याला 'पोस्ट-पंक', 'एक्सपेरिमेंटल' अशी नावं लागतात. खुशाल वाजवा. पण याच शहराने खरेखुरे भूमिगत गायक पाहिले आहेत. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. २०११ मध्ये यूएपीए लागला आणि शीतल साठे, सचिन माळी यांना भूमिगत व्हावं लागलं. २ एप्रिल २०१३ ला ते विधान भवनासमोर हजर झाले, तेव्हा शीतल गरोदर होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये याच मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. संगीताच्या चर्चेत यांना कुणी 'अंडरग्राउंड आर्टिस्ट' म्हणत नाही. यांचा उल्लेख येतो तो पोलीस आणि कोर्टाच्या बातम्यांत.

आता पोस्ट-पंकचं मूळ बघा. १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. त्याला उत्तर म्हणून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात 'द क्लॅश' आणि कृष्णवर्णीयांचा रेगे बँड 'स्टील पल्स' एकाच मंचावर वाजले. पुढे पोस्ट-पंकने आपला जड बेस घेतला तो जमैकाच्या रेगे आणि डबमधून, म्हणजे किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या साउंड सिस्टीममधून. 'द स्लिट्स'चा 'कट' आणि 'द पॉप ग्रुप'चा 'वाय' हे १९७९ चे दोन गाजलेले अल्बम. दोन्हींचा निर्माता एकच : बार्बाडोसमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय संगीतकार डेनिस बोवेल. म्हणजे ज्याला आज 'क्लासी' समजलं जातं, त्याचा पाया हाकललेल्या माणसांनी घातला.

माझा आक्षेप कामाच्या वाटणीवर आहे. सवर्ण पोराने गोंगाट केला की तो प्रयोग. आपल्या पोराने माइक धरला की त्याच्याकडून वेदना, साक्ष आणि अत्याचाराची गोष्टच मागितली जाते. बोर्द्यूच्या भाषेत हे सांस्कृतिक भांडवल आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर रूप ठरवायचा अधिकार त्यांचा, कच्चा माल आपला. संगीतातली ही वर्णव्यवस्था आपण का मान्य करायची?

आपलेही काही ज्येष्ठ म्हणतात, "हे परदेशी खूळ आहे, आपली भीमगीतं पुरेशी आहेत." दादा, हार्मोनियम कुठून आली? युरोपातूनच ना? भीमराव कर्डकांच्या पिढीने तमाशाचं रूप घेतलं आणि त्यातून आंबेडकरी जलसा घडवला. तो त्या काळातला प्रयोगच होता. नंतर आपल्या गायकांनी कव्वाली आपलीशी केली. मुंबईत 'धम्म विंग्स'ने बुद्ध-भीम विचार रॉकमध्ये आणला. चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने गाना, रॅप आणि रॉक एकत्र करून थेट जातीवर बोट ठेवलं. गोंगाटात शब्द हरवतील ही भीती खरी आहे. पण शब्द आज १४ एप्रिलच्या डीजेच्या भिंतीसमोर हरवत नाहीत का?

लोणी काळभोरच्या पोरांना म्हणून सांगतो. तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला येते, टाळ-मृदंग आपल्या कानात आहे. सोलापूर हायवेवरच्या टँकरांची घरघर रात्रभर ऐकू येते. हलगी, ढोलकी आपल्या हातात आहे. यातून नवा आवाज काढायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे काही तास कमी करा. त्या पैशात एक बेस गिटार, एक छोटा मिक्सर, दोन माइक घ्या. विहारात वंदना झाल्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव ठेवा. मुलींना फक्त कोरसला उभं करू नका, ड्रमवर बसवा.

अत्याचारावर गा, जरूर गा. पण प्रेमावर, कंटाळ्यावर, कंपनीतल्या नाइट शिफ्टवरही गा. कधी शब्दांशिवाय नुसतं वाजवा. बाबासाहेबांनी आपल्याला माणूस म्हणून उभं केलं. माणसाला रडण्याइतकाच प्रयोग करण्याचाही हक्क असतो. तो मागू नका, वापरा.

जयभीम!