टर्बो का गेला, ते आधी विचारा

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की अहिल्यानगरच्या गॅरेजांत एक मागणी ठरलेली असते. ‘मिस्त्री, पंप जरा वाढवून द्या, गाडी घाटाला दम टाकते.’ मिस्त्री डिझेल पंपाचा स्क्रू फिरवतो, धूर रोखणाऱ्या डायफ्रॅमची स्प्रिंग सैल करतो. मालक हौशी असेल तर जुन्या बाजारातून आणलेला मोठा टर्बोही चढवतो. पंधरा दिवस गाडी मस्त ओढते. मग एखाद्या रात्री करंजी घाटात पिकअप जातो, सायलेन्सरातून निळसर धूर यायला लागतो आणि टर्बो बसतो. नवा टर्बो घातला की महिना-दोन महिन्यांत तोही त्याच वाटेने जातो. मालक टर्बोच्या कंपनीला बोल लावतो, मिस्त्री ड्रायव्हरला आणि ड्रायव्हर रस्त्याला. पहिला टर्बो कशाने गेला, हे मात्र कुणी विचारत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज दुसरा टर्बो बसवूच नये, एवढेच मला आज ठासून सांगायचे आहे.

टर्बोची कल्पना सव्वाशे वर्षांच्या घरातली. आल्फ्रेड ब्युशी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच झाउरर कंपनीने टर्बो इंजिन ट्रकला बसवले. आपल्याकडे १९९३ मध्ये जमशेदपूरला टाटा-कमिन्स कंपनी उभी राहिली, पुढे भारत स्टेजचे धुराचे नियम आले आणि टर्बोशिवायचा ट्रक हळूहळू दिसेनासा झाला. त्याचे काम सरळ आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक पात्यांचे चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. भर लोडवर हा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो. एवढ्या वेगात तो बेअरिंगला टेकून राहूच शकत नाही. ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. म्हणून टर्बोच्या गरजा दोनच: हवेचा अखंड प्रवाह आणि स्वच्छ ऑइल. आपण गाडीत करतो ते बदल नेमके या दोन्हींच्या मुळावर येतात.

पहिल्यांदा हवेचे बघू. टर्बोचे चाक दाबाने हवा पुढे ढकलते, पण ती घ्यायची की नाही हे इंजिन ठरवते. इंजिनाने पुरेशी हवा उचलली नाही, तर पाईपमधला दाब चाकाला पेलत नाही आणि हवा उलटी फिरते. दाब उतरला की चाक पुन्हा पकड घेते, पुन्हा हवा उलटते. हा खेळ सेकंदाला अनेकदा होतो. विहिरीवरची मोटर चालू असताना वरचा कॉक एकदम बंद केला की पाईपलाईन दणके देते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथले दणके लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या दांड्याला बसतात. इंजिनिअर याला सर्ज म्हणतात. ड्रायव्हर म्हणतात, टर्बो फडफडतो. अलीकडे काही तरुण ही फडफड मुद्दाम काढतात, मोबाईलवर टिपून एकमेकांना पाठवतात. तो आवाज दांड्याला आत-बाहेर सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगच्या झिजेचा आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

बदललेल्या ट्रकमध्ये सर्ज कधी येतो? सर्वांत नेहमीची जागा म्हणजे घाट. उसाने भरलेली गाडी करंजी किंवा चंदनापुरी घाट चढते आहे. ड्रायव्हरने वरचा गिअर सोडलेला नाही, इंजिनाचे फेरे पार खाली आलेत आणि अॅक्सिलेटर मात्र तळाला टेकलाय. वाढवलेला पंप भरमसाट डिझेल सोडतो, धूर जास्त तापतो, टर्बो जोरात फिरून दाब वाढवतो. पण कमी फेऱ्यांवर इंजिन जेवढी हवा गिळू शकते तेवढीच गिळते. दाब जास्त आणि प्रवाह कमी, म्हणजे सर्जची पुरती तयारी. टर्बो मोठा असेल तर ही वेळ आणखी लवकर येते, कारण मोठ्या चाकाला जास्त प्रवाह लागतो. दुसरी जागा गिअर बदलतानाची. चढावर पूर्ण रेस देऊन पाय झटकन उचलला की इंजिनाची हवेची भूक क्षणात मरते, टर्बो मात्र फिरतच राहतो. काही जण यावर ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवतात. पाय उचलतानाची फडफड त्याने कमी होईल, घाटात वरच्या गिअरवर रडत चढणाऱ्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे औषध एकच: वेळेत खालचा गिअर घ्या आणि इंजिनाच्या फेऱ्यांच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवा.

तिसरे कारण गाडीत बदल केला नसला तरी लागू पडते, आणि आपल्या जिल्ह्यात ते फार मोठे आहे. ते म्हणजे धूळ. हंगामात गाड्या शिवारातल्या कच्च्या रस्त्यांवर, पाचटाच्या भुशात दिवसरात्र असतात. एअर फिल्टर तुंबला की टर्बोला हवा कमी मिळते आणि सर्ज जवळ येतो. मग क्लीनर फिल्टर काढतो, टायरवर आपटतो आणि परत बसवतो. आपटल्याने कागदाला चीर जाते, रबराची कड वाकते आणि धूळ थेट टर्बोत जाते. केडगावच्या बाजूला एका गॅरेजात असाच उतरवलेला टर्बो टेबलावर पाहिला. पुढच्या पात्यांच्या कडा खाऊन पातळ आणि दातेरी झाल्या होत्या. हाउसिंगच्या आत पाती घासल्याचे चकचकीत कडे उमटले होते. दांडा चिमटीत धरून आत-बाहेर ओढला, तर हाताला स्पष्ट खटका लागत होता. आडवा किंचित प्ले नव्या टर्बोतही असतो, कारण बंद इंजिनात ऑइलचा दाब नसतो. आत-बाहेरचा प्ले मात्र हाताला जाणवता कामा नये. जाणवला, तर थ्रस्ट बेअरिंग संपले असे समजा आणि ते कशाने संपले याचा शोध तिथेच सुरू करा.

आता डिझेलचा हिशेब. एक किलो डिझेल जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते आणि काळा धूर नको असेल तर अठरा-वीस किलो तरी हवी. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे हवेचा दाब इथे मुळातच सातेक टक्क्यांनी कमी. अशा वेळी हवा न वाढवता नुसते डिझेल वाढवले, की जादा डिझेलचा बराचसा भाग काळा धूर आणि उष्णता होऊन बाहेर पडतो. टर्बोआधीच्या धुराचे तापमान बराच वेळ ७०० अंशांच्या वर राहिले, तर टर्बोच नव्हे, पिस्टनही धोक्यात येतो. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो आणि अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. आतून ऑइलचा मारा चालू असतो म्हणूनच तो टिकतो. नव्या गाड्यांत स्क्रूच्या जागी लॅपटॉप येतो, रिमॅप होतो, पण गणित तसूभरही बदलत नाही. म्हणून ज्याने पंप वाढवला आहे किंवा रिमॅप केले आहे, त्याने हवेचा दाब दाखवणारा बूस्ट मीटर आणि टर्बोआधी बसणारा तापमानाचा मीटर लावल्याशिवाय गाडी लोडवर काढू नये.

ऑइलच्या बाबतीत दोन सवयी टर्बो मारतात. घाट चढून ढाब्यावर आल्या आल्या चावी बंद करणे ही पहिली. दांडा अजून फिरत असतो, बेअरिंगचे घर तापलेले असते आणि ऑइल थांबते. उरलेल्या ऑइलचा जळून कोळसा होतो व छिद्रे बुजतात. तीन-चार मिनिटे इंजिन स्लोवर ठेवले की हे टळते. दुसरी सवय याच्या उलट. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागेपर्यंत गाडी तासन्‌तास स्लोवर चालू ठेवायची. टर्बोत दाब नसताना ऑइल सीलमधून झिरपून, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाईपमध्ये साचते. टर्बो फुटतो तेव्हाही तेच होते. नवा टर्बो बसवताना इंटरकूलर धुतला नाही, तर आत राहिलेले ऑइल इंजिन इंधन म्हणून ओढते, रेस सुटते आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. जुन्या टर्बोचे तुकडे आत राहिले असतील तर ते थेट सिलिंडरकडे जातात.

म्हणून टर्बो बदलायचा असेल तर क्रम असा ठेवा. आधी एअर फिल्टर आणि त्याच्या घराची कड, मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होज आणि क्लिपा तपासा. फाटक्या होजमधून हवा गळाली की तो दाब भरून काढायला टर्बो मर्यादेपलीकडे पळतो. त्यानंतर इंटरकूलर सोडून धुवा. ऑइल आत नेणारी नळी बदला, ऑइल परत नेणारी नळी दबलेली नाही ना ते पाहा. ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे घाला. शेवटी पंप मूळ मापावर आणा. हे सगळे झाल्यावरच नवा टर्बो खोक्यातून काढा. आणि टर्बो निवडताना इंजिनाचा नंबर बघून त्याच मापाचा घ्या. ‘मोठा आहे, जास्त ओढेल’ हा हिशेब चुकीचा आहे.

कायद्याची बाजूही मालकांनी नीट समजून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार. २०१८ मध्ये केंद्राने दोन अॅक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर आणि तीन अॅक्सलची २५ वरून २८.५ टनांवर नेली. सवलत मिळाली तरी वजनकाट्यावर गाड्या त्याही पुढे जातात, कारण वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. पंपाचा स्क्रू गॅरेजात फिरतो, पण तो फिरवायची निकड टनाच्या दरातून येते. ड्रायव्हर आणि मिस्त्री यांच्यावर सगळे खापर फोडणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

या जिल्ह्यात १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. याच जिल्ह्यात संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ मध्ये वाहन तपासणी संस्था म्हणून तिचे नाव आहे. सहकारी कारखानदारीचा एवढा जुना अनुभव आणि वाहनाचे एवढे ज्ञान जवळ असताना आमच्या मिस्त्रींनी केवळ अंदाजावर टर्बो बसवत राहावे, हे पटत नाही. कारखाने हंगामाआधी गाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. त्याच दिवशी एअर फिल्टर, होज, टर्बोचा प्ले आणि धूर तपासला जावा. आयटीआयच्या मुलांना त्या कामावर घ्यावे, म्हणजे चार चांगले मिस्त्रीही तयार होतील. वाहतुकीच्या करारात वजनाची मर्यादा लिहावी आणि मर्यादेत राहूनही मालकाला परवडेल असा दर द्यावा. दर परवडला तर पंप वाढवायची गरजच पडणार नाही, आणि पंप मूळ मापावर राहिला तर टर्बो इंजिनाइतकाच टिकतो. ती जबाबदारी कारखान्यांच्या संचालक मंडळांनी येत्या हंगामापासूनच घ्यावी.