विश्लेषण : बॅनरवरचे एक नाव बदलायचे, तर पूर्ण डिझाइन पुन्हा का?

टिटवाळ्यात अंगारकी, माघी गणेशोत्सव किंवा भाद्रपदातले गणपती जवळ आले, की स्वागताच्या बॅनरची लगबग सुरू होते. ‘गेल्या वर्षीचाच बॅनर आहे, फक्त तारीख आणि अध्यक्षांचे नाव बदला,’ असे सांगत मंडळाचा कार्यकर्ता मोबाइलमधली जेपीजी पुढे करतो. डिझायनर म्हणतो, ‘नव्याने करावे लागेल.’ पैसेही पूर्ण मागतो. इथे फसवणूक होते आहे का? बहुतेक वेळा नाही. वादाचे मूळ आहे ‘ओपन फाइल’.

ओपन फाइल म्हणजे काय?
पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तशी डिझाइनची रचना असते. तळाला रंग, त्यावर गणपतीचे छायाचित्र, मग कमान आणि सर्वांत वर नावे. या प्रत्येक थराला लेयर म्हणतात. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. लेयरची सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळाली. सर्व लेयर सुटे असलेली फाइल ती ओपन फाइल. त्यात नाव बदलणे दोन मिनिटांचे काम.

जेपीजीत अडचण काय?
जेपीजी करताना सगळे लेयर एकाच चित्रात मिसळतात. नावामागे दडलेला भाग त्यात उरतच नाही. त्यामुळे नाव पुसले, तर मागची नक्षी पुन्हा भरावी लागते. पीएनजीमध्ये पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते, म्हणून लोगोसाठी ती सोयीची; पण छपाईचे सीएमवायके रंग तिच्यात ठेवता येत नाहीत. टिफमध्ये लेयर आणि सीएमवायके दोन्ही राहतात. व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवलेली फाइल आणखी दाबली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर मूळ दर्जा टिकतो. मर्यादा २ जीबी.

मग सगळेच ओपन फाइल का ठेवत नाहीत?
आकारामुळे. २० बाय १० फुटांचा बॅनर इंचाला ७२ पिक्सेलने केला, तर १७,२८० बाय ८,६४० म्हणजे सुमारे १५ कोटी पिक्सेल होतात. सीएमवायकेत पूर्ण भरलेला एकच लेयर, न दाबता, जवळपास ६०० एमबी. तोच बॅनर ३०० पिक्सेलने केला, तर रुंदी ७२,००० पिक्सेलवर जाते आणि पीएसडी फाइल ३०,००० पिक्सेलवरच थांबते. त्यापुढे पीएसबी वापरावी लागते. लांबून पाहायच्या बॅनरला एवढ्या बारकाव्याची गरजही नसते.

मराठी मजकुराचा वेगळा पेच
जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉण्टमध्ये अक्षरे इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉण्ट दुसऱ्या संगणकात नसेल, तर ‘श्री’च्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. म्हणून प्रेसला पाठवताना मजकुराचे आकारात रूपांतर करतात. छपाई सुरक्षित होते, पण नंतर शुद्धलेखनाची चूकही टाइप करून सुधारता येत नाही. त्यामुळे मजकूर सुटा असलेली एक प्रत आधी वेगळी ठेवणे आवश्यक.

फाइलवर हक्क कोणाचा?
कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा निर्माता असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे. पैसे देऊन काढून घेतलेले छायाचित्र, चित्र वा व्यक्तिचित्र हे सामान्यतः काम सांगणाऱ्याचे. स्वतंत्र डिझायनरने केलेली बॅनरची मांडणी मात्र, वेगळा करार नसेल तर, सहसा त्याचीच राहते. कलम १९ प्रमाणे हक्क सोपवायचे तर लेखी, सही केलेला करार हवा. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. छापलेला बॅनर हाती आला म्हणून ओपन फाइलही आपोआप मिळत नाही.

काय ठरवून घ्यावे?
ॲडव्हान्स देतानाच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : ओपन फाइल मिळणार का, तिचे वेगळे पैसे किती आणि किती दुरुस्त्या मोफत. फाइल मिळाल्यावर फॉण्टचे नावही विचारावे. डिझायनरसाठी ती फाइल पुढच्या वर्षीचा रोजगार असते; ती मागताना वेगळा दर मोजावा लागला, तर त्यात गैर नाही. पण तो दर बॅनर लागण्याच्या आदल्या रात्री कळू नये.