जुगाडाचं कौतुक पुरे झालं

"वेल्डिंग मारून घे, चालतंय!" आमच्या नगर जिल्ह्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. गल्लीतल्या कांद्याच्या पिकअपचा अल्टरनेटरचा ब्रॅकेट तडकला, तेव्हाही मालक हेच म्हणाला.

ब्रॅकेट बिडाचा असेल तर साधा रॉड मारून तो धरत नाही, जोडाशेजारीच पुन्हा चीर जाते. उरलेलं काम इंजिनाची थरथर आणि रस्त्यातले खड्डे करतात. ब्रॅकेट हलला की पट्टा ढिला आणि बॅटरी उतरली, एवढंच लोकांना ठाऊक. पण बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला असतो. अल्टरनेटर फिरायचा थांबला की थोड्याच वेळात पेडल दगडासारखं कडक! भरल्या गाडीनं करंजी घाट उतरताना ड्रायव्हरनं काय करायचं?

जुगाड म्हणजे गरिबाची हुशारी, असं काहीजण म्हणतील. गॅरेजपर्यंत जाण्यापुरतं तसं म्हणा. पण नवा ब्रॅकेट, नवे बोल्ट आणि पट्ट्याचा ताण तपासणं टाळून वर्षभर वेल्डिंगवर गाडी पळवणं ही हुशारी नव्हे. यात बचत मालकाची होते, पेडलवर पाय मात्र ड्रायव्हरचा असतो.