मशेरी म्हणजे तंबाखूच

शाळेत तंबाखूवर बोलायला बोलावतात, तेव्हा मी मुलांना आधी विचारतो, व्यसन म्हणजे काय? 'सिगारेट आणि दारू,' असे उत्तर एका सुरात येते. भिंतीवरच्या तक्त्यातही सिगारेटच असते, वर लाल फुली मारलेली. मग मी विचारतो, घरी मशेरी कोण लावते? आजी, आई, काकी अशी नावे येऊ लागतात. ते व्यसन नाही का, असे विचारले की वर्ग गप्प होतो.

माझ्या मते आपल्या पोलादपूर-महाडकडची खरी अडचण हीच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आत होते. पण खाण्या-चोळण्याची तंबाखू वापरणारे होते २४ टक्के. चीनमध्ये पाहुण्याला, लग्नघरी आलेल्याला सिगारेट देणे हा पुरुषांचा शिष्टाचार. तेथील माध्यमिक शाळांच्या २०१४ च्या पाहणीत तंबाखू घेणारे मुलगे शंभरात अकरा, तर मुली जेमतेम दोन निघाल्या. वडीलधारी जे करतात, तेच मुले उचलतात. आपल्याकडे मशेरी हा बायकांचा प्रकार, त्यामुळे मुलगीही सुटत नाही.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांना चोळायची. भाजल्याने तिच्यातले विष जळते, हा समज मी कितीदा ऐकला असेल! निकोटिन जळून जात नाही, म्हणून तर मशेरीवाचून सकाळ सुरू होत नाही. सातवीतल्या एका मुलीची दाढ किडली होती. आजी म्हणाली, "डॉक्टर, ठणका थांबावा म्हणून चिमूटभर लावत होते." ठणका थांबे, कारण हिरडी बधिर होई. दाढ आतून किडतच राहिली आणि पोरीला मशेरीची सवय लागली. देशभरच्या २०१९ च्या शालेय पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या मुलांपैकी साडेआठ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. धूरविरहित तंबाखू चाखलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच चाखलेली होती. दहा वर्षांचे पोर म्हणजे चौथी-पाचवीतले. आपण समजावायला जातो आठवी-नववीत. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मेचा, तोही उन्हाळी सुटीत येतो!

दुसरी वाट टपरीवरून जाते. "जा रे, एक पुडी आणि चुना घेऊन ये," असे सांगून आपण पोराला धाडतो, वर उरलेले सुट्टे पैसे खाऊला देतो. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा आहे. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद, सुटी सिगारेट-विडी २०२० पासून बंद. बालन्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कायदा अक्षरशः लावला तर ती आजीही त्यात सापडेल. मला आजीला तुरुंगात धाडायचे नाही, पण टपरीवाल्याला दोष देताना त्याच्याकडे गिऱ्हाईक कोणी पाठवले हेही पाहावे. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी येतात, ओटीवर पत्त्यांच्या डावात तंबाखू मळली जाते. पाणी आणून द्यायला शेजारी पोरे असतातच.

पालकांनी महिन्यातून एकदा मुलाचे तोंड उजेडात पाहावे. गालाच्या आत पांढरा चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारे तोंड, तिखट लागताच होणारी आग ही लक्षणे दिसली तर दाखवायला यावे. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर मुळीच थांबू नये. सुपारी-गुटख्याने गाल आतून आखडतो, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा मऊ होत नाही.

मशेरी सोडायला निघालेल्या बायका दोन तक्रारी घेऊन येतात, डोके धरते आणि पोट साफ होत नाही. दोन्ही खऱ्या आहेत आणि बहुतेकींच्या दोन-चार आठवड्यांत कमी होतात. भरपूर पाणी प्यावे, जेवणात पालेभाजी वाढवावी, दात साध्या पेस्टने घासावेत. तल्लफ आली तरी ती काही मिनिटांतच ओसरते, तेवढा वेळ हात कामात ठेवावेत. एकटीने जमत नसेल तर १८०० ११ २३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.