खण चौकटीत बसवताना : फट कुठे, किती आणि कशी?

मैत्रिणींनो, घरात सुतार बसला की दोन-चार आठवडे भुसा, ठोकाठोक आणि चहाची आधणं यांतच जातात. एवढं सोसून तयार झालेलं आरशाचं, खणांचं कपाट लग्नकार्यासाठी घाईने उघडायला जावं आणि साड्यांचा खण निम्म्यात अडून बसावा, म्हणजे जीव कसा मेटाकुटीला येतो! बरं, मिस्त्री तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो. म्हणून या वेळी खणांच्या दर्शनी फळ्यांविषयी बोलू. हत्यार तुम्हाला हातात धरायचं नाही. पण काय बघायचं, कधी बघायचं हे ठाऊक असलं की निम्मं काम सुधारतं.

दर्शनी फळी दोन तऱ्हांनी बसते. एकीत ती कपाटाच्या चौकटीवर येते आणि कडा झाकून टाकते. दुसरीत ती चौकटीच्या आत, कडांशी सपाट बसते. आजीच्या जुन्या सागवानी कपाटाचे खण आठवा, तसे. ही दुसरी तऱ्हा दिसायला देखणी. पण तिच्यात झाकपाक काही नाही. चौकट जरा तिरकी असली की फट एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद दिसलीच म्हणून समजा. त्यामुळे मजुरी ठरवतानाच सांगा, “मिस्त्री, खण आत बसणारे हवेत, चारी बाजूंनी फट सारखी हवी.” याला वेळ जास्त लागतो, तेव्हा मजुरीत दोन पैसे जास्त गेले तरी कुरकुर करू नका.

आता फटीचं. बऱ्याच जणींना वाटतं, फट दिसली म्हणजे काम कच्चं. तसं नाही हो! लाकूड पावसाळी हवेतली ओल घेतं आणि आडव्या अंगाने फुगतं. लांबीत मात्र ते जवळजवळ वाढत नाही. 20 सेंटीमीटर उंचीची सागवानी दर्शनी फळी कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत एक ते दोन मिलिमीटर वाढू शकते. सोलापूर-नागपूरकडे एप्रिल-मे महिन्यांत काम काढलंत आणि हौसेने फट अगदी बंद करून घेतलीत, तर श्रावणात खण अडकणारच. म्हणून चारी बाजूंना दोन-दोन मिलिमीटर फट ठेवायला सांगा. फळी भरीव लाकडाची असून काम उन्हाळ्यात होत असेल, तर उंचीत आणखी एखादा मिलिमीटर सोडा. प्लायवूड फारसं फुगत नाही. त्याला दीड-दोन मिलिमीटर पुरतात.

प्लायवूडची गोम वेगळीच. कडेवर सनमायका चिकटवला की तो एक-एक मिलिमीटर जागा खातो. समजा, खणाची मोकळी जागा 60 सेंटीमीटर रुंद आणि 18 सेंटीमीटर उंच आहे. तयार फळी हवी 59.6 बाय 17.6. पण चारी कडांना सनमायका लागणार असेल, तर प्लाय कापायचा 59.4 बाय 17.4. हे गणित कापण्याआधी कागदावर मांडून घ्या. कापल्यावर हळहळून उपयोग नाही.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. दर्शनी फळी सर्वांत शेवटी.

आधी कपाट जिथे कायमचं राहणार, तिथेच उभं करायला सांगा. आपल्या घरांत फरशीला मोरीकडे किंवा दाराकडे थोडा उतार असतोच. पाणसळ ठेवून पायांखाली पातळ पट्ट्या सरकवा. नंतर जागा बदलली तर चौकट पिळवटते आणि नीट बसवलेल्या फळ्याही वाकड्या दिसू लागतात.

मग चौकट काटकोनात आहे का ते पाहा. त्यासाठी गुण्या नको, साधा दोरा पुरे. खणाच्या जागेच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणा आणि तो दुसऱ्या दोन कोपऱ्यांत लावून बघा. दोन्ही मापं सारखी, तर चौकट ठीक. फरक निघाला तर याच वेळी सांगा. फळी तासून चौकटीचा दोष झाकता येत नाही.

त्यानंतर खणाची पेटी, दर्शनी फळीशिवाय. लोखंडी चॅनेल लावणार असाल तर दोन्ही बाजूंना साधारण 13-13 मिलिमीटर जागा लागते, म्हणून 60 सेंटीमीटरच्या जागेत पेटी 57.4 सेंटीमीटर रुंद. चॅनेल चौकटीच्या कडेपासून आत, दर्शनी फळीच्या जाडीइतकं मागे लावायचं. ती जाडी सनमायकासकट मोजा, नाहीतर फळी बाहेर डोकावेल. पेटी एका बोटाने सरकली पाहिजे. इथे अडखळली तर पुढे जाऊच देऊ नका.

आता फळी. सनमायकाचे एक मिलिमीटर जाडीचे उरलेले तुकडे टाकू देऊ नका. दोन तुकडे एकावर एक ठेवले की बरोबर दोन मिलिमीटर होतात. फळीच्या खाली आणि दोन्ही बाजूंना असे तुकडे सरकवायचे, म्हणजे फट आपोआप सारखी येते. हँडलची भोकं फळीत आधीच पाडलेली असावीत. त्या भोकांतून फळी पेटीला तात्पुरते स्क्रू मारून धरायची, खण हळूच ओढायचा आणि आतून चार स्क्रू मारायचे. पेटीतली भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवून वायसर घातला, तर नंतर फळी केसभर इकडेतिकडे करता येते. मग तात्पुरते स्क्रू काढून हँडल बसवायचं. भरीव लाकडाच्या फळीला पॉलिश पुढे, मागे आणि सर्व कडांनाही हवं. कोरी राहिलेली कड ओल लवकर पिते.

शेवटचा हिशेब चुकता करण्याआधी चार पावलं मागे जाऊन उभ्या राहा. सगळे खण मिटलेले, फटी उभ्या-आडव्या एका ओळीत आहेत ना? मग खण भरून पुन्हा ओढून पाहा. रिकामा आणि भरलेला खण सारखा चालत नाही. दोष दिसला तर आवाज न चढवता बोट ठेवून दाखवा. चांगल्या कारागिराला नीट पाहणारी बाई आवडते. तिच्यासमोर त्याच्या हातालाही मान मिळतो.

आणि ज्यांचे लाकडी पट्ट्यांवर चालणारे खण आत्ताच अडताहेत, त्यांनी पावसाळ्यात लगेच रंधा मारायला लावू नका. तेव्हा तासलेली फळी उन्हाळ्यात सैल होईल. आधी पट्ट्यांवर आणि घासणाऱ्या कडेवर कोरडी मेणबत्ती फिरवा, खणातलं ओझं कमी करा. तरीही अडलाच, तर घासल्याची खूण असेल तेवढ्याच जागी काचकागद मारा. पुढे हवा कोरडी झाली की तिथे पॉलिशचा हात द्या.

कपाट एकदाच होतं, खण मात्र रोज उघडायचा असतो. तेव्हा फटीला नावं ठेवू नका, ती सारखी आहे का तेवढं पाहा!